दिवाळीत पश्चिम किनारा, मे महिन्यात पूर्व

डिसेंबर अखेरीस मलेशियाच्या पश्चिमेकडच्या लंकावी बेटावर लख्ख ऊन असतं. हॉटेलांचे दर चढलेले असतात, किनाऱ्यावर शहाळी फोडणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. त्याच दिवसांत, तिथून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर पूर्वेला, परहेंतियन बेटांवरच्या बहुतेक हॉटेलांना कुलूप असतं. समुद्र उधाणलेला, होड्या वर ओढून बांधलेल्या, कामगार आपापल्या गावी गेलेले. मे-जूनमध्ये पारडं फिरतं. पूर्वेचं पाणी निवळून तळ दिसू लागतो आणि लंकावीवर ढग जमायला लागतात.

नवराबायको दोघांनीच, टूर कंपनीच्या झेंड्यामागे न जाता, आग्नेय आशियातली शहरं, डोंगर आणि समुद्र एका सुट्टीत बघायचे म्हटले, तर मलेशियाचा द्वीपकल्पी भाग बहुधा सगळ्यांत सोपा. थायलंडमध्ये उत्तरेचे डोंगर आणि दक्षिणेचे किनारे यांच्यात हजारावर किलोमीटर पडतात. व्हिएतनाम तर उभाच्या उभा लांब. इथे क्वालालंपूरपासून चहाचे मळे चार-पाच तासांवर आणि तिथून समुद्र आणखी साधारण तेवढाच. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, इंग्रजीत काम भागतं, डाळ-रोटी जागोजागी मिळते. सोपं आहे म्हणूनच लोक गाफील राहतात. आधी बघायच्या ठिकाणांची यादी होते, मग विमानाची तिकिटं निघतात आणि हवामानाचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिलं जातं. क्रम नेमका उलटा हवा. आधी महिना, मग किनारा, मग त्या किनाऱ्याकडे नेणारी वाट.

कणा आणि वारे

थायलंडच्या सीमेकडून दक्षिणेला, द्वीपकल्पाच्या मधोमध, तितिवांगसा नावाची डोंगररांग सुमारे ४८० किलोमीटर गेली आहे. गुनुंग कोर्बू हे तिचं सर्वोच्च शिखर, २,१८३ मीटरचं. सह्याद्रीने कोकण आणि देश वेगळे पाडले, तसे या रांगेने पूर्व आणि पश्चिम किनारे वेगळे पाडले आहेत. फरक एवढाच, की सह्याद्रीवर मुख्य पाऊस एकाच बाजूने येऊन आदळतो. इथे वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात आणि डोंगराची ओली बाजूही त्यांच्याबरोबर बदलते.

नोव्हेंबर ते मार्च हे ईशान्येच्या वाऱ्यांचे महिने. दक्षिण चीन समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले हे वारे केलांतान आणि तेरेंगानू या पूर्वेकडच्या राज्यांवर रिते होतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे पूर ही नेहमीची गोष्ट आहे. डिसेंबर २०१४ च्या पुरात तर लाखाहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं. पश्चिम किनारा तेव्हा डोंगराच्या आडोशाला असतो.

मे अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचे वारे वाहतात. आपल्याकडे पाऊस आणणारे ते हेच. पण मलेशियाच्या वाटेत सुमात्रा आडवं पडलेलं आहे, आणि त्याच्या पाठीवर बारिसान डोंगर आहेत. बराचसा पाऊस तिथेच उतरतो, म्हणून क्वालालंपूरच्या बाजूला हे महिने त्यातल्या त्यात कोरडे जातात. लंकावीचं मात्र तसं नाही. सुमात्राचं उत्तर टोक सहाव्या अक्षांशाच्या अलीकडेच संपतं आणि लंकावी त्या अक्षांशाच्या थोडं वर आहे. ढाल संपते तिथे हे बेट सुरू होतं. अंदमान समुद्रावरचा वारा सरळ त्याच्यावर येतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे सर्वाधिक पाऊस पडतो. पूर्व किनारा या काळात तितिवांगसाच्या मागे शांत असतो.

उरले एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपासचे संधिकाळ. वारे मंद असतात, जमीन तापते आणि पश्चिमेच्या शहरांत दुपारी तीन-चारनंतर गडगडाटासह पाऊस कोसळतो. सकाळ बहुधा कोरडी मिळते. या हिशेबाला आणखी एक पुरवणी आहे. सुमात्रा आणि बोर्निओतल्या पीटच्या जमिनींना लागणाऱ्या आगींचा धूर काही वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान पश्चिम किनाऱ्यावर येऊन बसतो. २०१५ साली तो फार दाट होता.

आता हे आपल्या सुट्ट्यांवर बसवून बघू. मे महिन्यात रजा असेल तर पूर्व किनारा, यात दुमत नाही. नाताळ ते फेब्रुवारी असेल तर पश्चिम, त्यातही नाही. दिवाळी नोव्हेंबरात आली तर पश्चिमेकडे जावं, संध्याकाळच्या एखाददुसऱ्या सरीची तयारी ठेवून. ऑक्टोबरातली दिवाळी सगळ्यांत अवघड. पूर्वेचा हंगाम आवरत आलेला असतो, पश्चिमेचा अजून सुरू व्हायचा असतो आणि डोंगरावर तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच सर्वाधिक पावसाचे महिने. अशा वेळी शहरांना जास्त दिवस द्यावेत आणि समुद्र अगदी शेवटी ठेवावा.

चिखलात उभं राहिलेलं शहर

मुंबईहून थेट विमानाने क्वालालंपूर सुमारे पाच तासांवर आहे. या शहराचा जन्म कथिलाच्या शोधातून झाला. १८५७ साली सेलांगोरच्या राजघराण्यातल्या राजा अब्दुल्लाने ८७ चिनी मजूर क्लांग नदीतून वर पाठवले. क्लांग आणि गोंबाक या नद्या जिथे मिळतात तिथपर्यंत होडी जात होती. तिथे उतरून ते जंगलातून अंपांगकडे गेले. हिवतापाने त्यांतले बहुतेक दगावले, पण कथील सापडलं. होडीचा धक्का होता तिथे तांदूळ, अफू, अवजारं यांची दुकानं लागली. त्या संगमावर आज मस्जिद जामेक आहे. आर्थर बेनिसन हबक या वास्तुकाराची ही विटांच्या पट्ट्यापट्ट्यांची मशीद १९०९ साली पुरी झाली.

लाकूड आणि झावळ्यांचं ते गाव १८८१ साली आधी आगीत आणि मग पुरात गेलं. तेव्हा ब्रिटिश रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅमने घरं विटांची आणि कौलांची बांधण्याचा आग्रह धरला, आणि चिनी समाजाचा कापितान याप आह लॉय याने वीटभट्ट्या उघडल्या. भट्ट्यांच्या त्या जागेला आजही ब्रिकफील्ड्स म्हणतात. पुढे रेल्वेत कामाला आलेले तमिळ तिथे वसले. केएल सेंट्रल हे मुख्य स्थानक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, म्हणून दोघांनी मुक्कामाला हाच भाग धरलेला बरा. दिवाळीला मलेशियात जवळपास सगळीकडे सार्वजनिक सुट्टी असते आणि ब्रिकफील्ड्समध्ये तेव्हा हार, पणत्या, मिठाया यांचे मांडव लागतात. घरच्या दिवाळीला मुकल्याची रुखरुख इथे जरा कमी होते.

पूर काही शहराच्या पहिल्या शतकाबरोबर संपले नाहीत. २००७ साली सुरू झालेला स्मार्ट बोगदा हा त्यावरचा तोडगा आहे, आणि माझ्या मते पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांपेक्षा तोच जास्त चतुर आहे. ९.७ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याच्या मधल्या सुमारे तीन किलोमीटरमध्ये मोटारींसाठी एकावर एक दोन मजले आहेत आणि त्यांच्या खाली पाण्याची वाट. एरवी नुसत्या गाड्या धावतात. पाऊस वाढला की पाणी खालच्या वाटेने सोडतात, वर वाहतूक चालूच राहते. अतिवृष्टी झाली तर गाड्या बाहेर काढतात, दारं बंद करतात आणि आख्खा बोगदा पाण्याला मोकळा करून देतात. टॅक्सीने त्यातून जाताना बाहेर काही दिसत नाही, पण आपण अधूनमधून नदी होणाऱ्या रस्त्यावरून जातोय हे ठाऊक असलेलं बरं.

सेझार पेली यांनी आखलेले पेट्रोनास मनोरे ४५१.९ मीटर उंच, ८८ मजल्यांचे. ४१ व्या आणि ४२ व्या मजल्यावर त्यांना जोडणारा पूल आहे. आता त्यांच्यावर ताण करणारा, ६७८.९ मीटरचा मर्डेका ११८ हा मनोरा शहरात उभा आहे. वर चढण्याची तिकिटं आगाऊ काढावीत, आणि काढली नाहीत तरी फारसं बिघडत नाही. खालच्या बागेतून रात्री दिसणारे मनोरे फुकट असतात.

बाटू केव्हज मात्र चुकवू नये, आणि तिथे सकाळी लवकरच पोचावं. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीच्या डोंगरातल्या या गुहा. पायथ्याशी मुरुगनची ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती २००६ साली बसवली. २७२ पायऱ्या चढून गेलं की गुहेच्या छताला पडलेल्या भोकातून उजेडाचा झोत खाली उतरतो. केएल सेंट्रलहून लोकल थेट पायथ्याशी जाते. माकडं हातातली पिशवी ओळखतात, पाठीवरची सॅक सोडून देतात. थैपुसमचा उत्सव इथे १८९२ पासून भरतो. तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो, आणि त्या दिवशी पायऱ्या रिकाम्या मिळण्याची आशा सोडावी.

मलाक्का: गोव्याच्या ओळखीचं गाव

हाताशी एक दिवस जास्त असेल तर क्वालालंपूरहून बसने दोनेक तासांवर मलाक्का आहे. ऋतूंनी इतिहास कसा घडवला ते इथे समजतं. शिडाच्या जहाजांच्या काळात हिंदुस्थानातून आणि अरबस्तानातून निघालेले व्यापारी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येत, चीनमधून निघालेले ईशान्येच्या वाऱ्यावर. परतीचा वारा सुरू होईपर्यंत दोघांनाही थांबावंच लागे. थांबलेल्या माणसांचं शहर झालं.

अफोन्सो द अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाक्का. १६४१ साली डचांनी ते जिंकेपर्यंत पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या साऱ्या ठाण्यांसारखी त्याचीही सूत्रं गोव्यातून हलत. टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये एक रिकामी कबर जाळीखाली दिसते. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव १५५३ साली काही महिने इथे होतं, मग ते गोव्याला नेलं. ओल्ड गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये रांग लावलेल्या आपल्या लोकांना या मधल्या मुक्कामाची कल्पना क्वचितच असते.

साडेसहा अंशांचा हिशेब

चहाचे मळे आहेत त्या कॅमेरॉन हायलँड्सला रेल्वे जात नाही. क्वालालंपूरच्या दक्षिणेकडच्या मोठ्या बसस्थानकातून तानाह राता गावापर्यंत थेट बस मिळते. तापाहकडून वर चढणारा साठेक किलोमीटरचा जुना रस्ता नुसता वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्याने पुढची जागा मागून घ्यावी. इपोहच्या बाजूने, सिंपांग पुलाईहून येणारा नवा रस्ता रुंद आणि सुसह्य आहे.

विषुववृत्तापासून जेमतेम साडेचार अंशांवर स्वेटर का लागतो, याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. तानाह राता १,४४० मीटरवर आहे, म्हणजे खालच्यापेक्षा नऊ-सव्वानऊ अंश कमी. क्वालालंपूरला दुपारी ३३ अंश असतील तर इथे चोवीसच्या आसपास, आणि पहाटे त्याहून बरंच खाली. हिवाळा नाही, उन्हाळा नाही. वर्षभर हेच.

विल्यम कॅमेरॉन या सर्व्हेअरने १८८५ साली या पठाराची नोंद केली, पण चाळीसेक वर्षं त्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. १९२५ मध्ये जॉर्ज मॅक्सवेल या अधिकाऱ्याने इथे थंड हवेचं ठिकाण वसवायचा आग्रह धरला, आणि १९२९ मध्ये जे. ए. रसेल यांनी बोह चहाची कंपनी काढली. आज ती मलेशियातली सर्वांत मोठी चहा उत्पादक आहे. चहाला रोज पाऊस चालतो, साचलेलं पाणी चालत नाही, म्हणून मळे उतारांवर. मळ्यात जवळून बघितलं तर खुडणारा हात सहसा दिसत नाही. तीव्र उतारावर एकेकटा कामगार मोठी कात्री चालवतो आणि कात्रीलाच जोडलेल्या खोक्यात पानं गोळा होतात. जरा सपाटीवर दोघं जण दोन बाजूंनी यंत्र धरून ते झुडपांवरून फिरवत जातात आणि झुडपांचा माथा टेबलासारखा कापला जातो. पूर्वी इथे तमिळ मजूर होते. आता बांगलादेश, नेपाळ, इंडोनेशियातून आलेले बरेच दिसतात.

मळ्यांच्याही वर, २,०३१ मीटरच्या गुनुंग ब्रिंचांगवर, शेवाळी जंगल आहे. या उंचीला ढग जवळपास रोज अंगावर बसतो, त्यामुळे झाडं पावसावाचूनही ओली राहतात. खोडं वेडीवाकडी, ठेंगणी, आणि मनगटाएवढ्या फांदीवर मांडीएवढा शेवाळाचा थर. जमीन पीटची, आम्ल आणि नत्राला गरीब. नत्राची ती तूट भरून काढायला घटपर्णी ही वनस्पती किडे पकडते. लाकडी पायवाटेच्या कठड्याशी वाकून पाहिलं तर तिचे झाकणवाले घट शेवाळातून वर आलेले दिसतात, तळाशी पाणी आणि त्यात बुडालेल्या मुंग्या. हात लावू नये. पायवाटेवरून खालीही उतरू नये, तो थर एकदा तुडवला गेला की भरून यायला फार काळ लागतो.

या डोंगरांनी एक कोडंही जपलं आहे. थायलंडच्या रेशमाला जगभर नाव मिळवून देणारा अमेरिकन व्यापारी जिम थॉम्पसन २६ मार्च १९६७ रोजी इथल्या एका बंगल्यातून फिरायला म्हणून बाहेर पडला, तो परतलाच नाही. मोठी शोधमोहीम झाली, हाती काही लागलं नाही.

नुसत्या हिरवाईची अपेक्षा ठेवून येणाऱ्याचा मात्र हिरमोड होतो. भाजी आणि फुलांच्या शेतीसाठी कित्येक उतार प्लॅस्टिकच्या छतांखाली गेले आहेत, आणि शनिवार-रविवारी स्ट्रॉबेरीच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग हलत नाही. सोमवार ते गुरुवार यावं.

इथे वाट फुटते

कॅमेरॉन हायलँड्स हा या प्रवासाचा सांधा आहे. इथून पश्चिमेला उतरलं की इपोह, पेनांग आणि पुढे लंकावी. पूर्वेला उतरलं की क्वाला बेसुतचा धक्का आणि परहेंतियन. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पेनांग आधी उरकून मग डोंगर चढावा म्हणजे मागे फिरावं लागत नाही.

इपोह हे किंता खोऱ्याचं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या खोऱ्यातलं कथील जगभर जात होतं. मलायातली पहिली रेल्वेही कथिलासाठीच, याच पेराक राज्यात, १ जून १८८५ रोजी ताइपिंग ते पोर्ट वेल्ड धावली. ठीक शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, कथिलाचा आंतरराष्ट्रीय बाजार कोसळला आणि इपोहची पेठ थंडावली. पैसा गेल्यामुळे जुनी दुकानघरं पाडून टॉवर बांधायची ऐपतच कुणाला राहिली नाही, आणि आता त्याच घरांत कॉफीची दुकानं चालतात. मार्जरिन घालून भाजलेल्या बियांची ही ‘व्हाइट कॉफी’ कंडेन्स्ड मिल्क घालून देतात. भर दुपारी दोघांत एक पुरते.

इपोहहून ईटीएस ही विजेची गाडी बटरवर्थला नेते. रूळ मीटर गेजचे असूनही ती ताशी १४० किलोमीटरपर्यंत धावते. बटरवर्थच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचं आणि समोर पेनांग बेट. १९८५ साली झालेला साडेतेरा किलोमीटरचा पूल आहे, पण पाण्यावरून शिरण्यातच मजा.

११ ऑगस्ट १७८६ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने फ्रान्सिस लाइटने या बेटाचा ताबा घेतला आणि बंदर जकातमुक्त ठेवलं. चिनी, तमिळ मुसलमान, चेट्टी, आर्मेनियन, आचेचे व्यापारी, सगळे धावले. जॉर्जटाउनच्या एकाच जुन्या रस्त्याच्या आजूबाजूला १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी करुणादेवीचं देऊळ, १८३३ चं मारीअम्मन मंदिर आणि १८०१ ची कापितान केलिंग मशीद आहे. घरं अरुंद तोंडाची आणि खोल. मधोमध उजेड-वाऱ्यासाठी चौक, खाली दुकान, वर संसार, आणि पुढे सलग छपराची पाच फुटी पडवी. ऊन असो वा सर, पडवी-पडवीने गाव फिरता येतं. हे सगळं टिकण्यामागे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भाडेनियंत्रणाचाही हात होता. भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर मालकांनी घरांना हातच लावला नाही. तो कायदा विसाव्या शतकाच्या अखेरीस उठला, आणि २००८ साली मलाक्का आणि जॉर्जटाउन मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता भाडी वाढताहेत आणि जुने भाडेकरू बाहेर पडताहेत, हेही त्याच गोष्टीचं पुढचं पान.

पेनांगला लोक खायलाच येतात. रात्रीच्या गाड्यांवर चार क्वे त्याव करणाऱ्याला उभं राहून बघावं. एका वेळी एकच, फार तर दोन बश्यांचा माल तो कढईत टाकतो. तांदळाच्या चपट्या शेवया, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड, चिनी लसणाची पात. आच इतकी की ज्वाळा काठावरून आत शिरते, आणि मिनिट-दोन मिनिटांत बशी पुढे येते. दहा बश्या एकदम केल्या तर कढई थंडावेल आणि शेवया भाजण्याऐवजी शिजतील. म्हणून रांग हळू सरकते आणि कुणी कुरकुरत नाही. शाकाहाऱ्यांनी इथे नुसतं बघावं, कारण डुकराची चरबीही असते. बाकी ठिकाणीही ‘भाजी’ म्हणून येणाऱ्या पदार्थात बेलाचान, म्हणजे सुकवून आंबवलेली कोळंबी, वाटून घातलेली असते. ती नको हे आधीच सांगावं. केळीच्या पानावर वाढणारी तमिळ खानावळ, डाळीबरोबर मिळणारी रोती चनाय आणि चिनी बौद्ध शाकाहारी भोजनालयं, या तिन्हींवर बिनघोर निभतं.

शेवटी समुद्र

हिवाळ्यात पेनांगनंतर लंकावी. विमानाने जाता येतं, किंवा ईटीएसने आराऊपर्यंत आणि पुढे क्वाला पर्लिसच्या धक्क्यावरून बोटीने. लहानमोठी ९९ बेटं मिळून हा समूह होतो. १९८७ पासून तो करमुक्त आहे, आणि एरवी दारूवर जबर कर असलेल्या या देशात हॉटेलवाल्यांना ती मोठी देणगी वाटते. पण लंकावीची खरी श्रीमंती तिच्या दगडांत आहे. मचिंचांग डोंगराचे वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून जुने, मलेशियातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी. २००७ साली आग्नेय आशियातलं पहिलं युनेस्को भू-उद्यान म्हणून लंकावीची निवड झाली ती यामुळे. केबल कारने वर जावं आणि १२५ मीटरच्या वाकड्या झुलत्या पुलावरून थायलंडची बेटं बघावीत. किलिमच्या खारफुटीत होडीतून फिरताना काही नावाडी गरुडांना मांस फेकून खाली बोलावतात. अशी फेरी घेऊ नये, पक्ष्यांची शिकारीची सवय मोडते.

उन्हाळ्यात डोंगरावरून पूर्वेला मिनीबसने क्वाला बेसुत, तिथून वेगवान होडीने अर्ध्या-पाऊण तासात परहेंतियन. बेसार हे थोरलं बेट निवांत, केचिल हे धाकटं तरुणांच्या गजबजाटाचं. मोटारी नाहीत, एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं तर जंगलातली पायवाट नाहीतर होडी. रोख पैसे मुख्य भूमीवरूनच न्यावेत. मुखवटा आणि नळी लावून पाण्यावर नुसतं तरंगलं तरी प्रवाळ, पोपटमासे आणि नशीब असेल तर गवत चरणारी हिरवी कासवं दिसतात. याच महिन्यांत कासविणी रात्री वाळूत अंडी घालायला येतात, तेव्हा किनाऱ्यावर बॅटऱ्या फिरवू नयेत. तेरेंगानू हे कर्मठ वळणाचं राज्य आहे. बेटांवर पोहण्याचे कपडे चालतात, धक्क्यावर आणि गावात खांदे-गुडघे झाकलेले असावेत. तेरेंगानू, केलांतान आणि लंकावी ज्यात येतं ते केदाह, या तिन्ही राज्यांत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, हेही बँक किंवा कचेरीचं काम काढताना ध्यानात ठेवावं. परतीला कोता भारूहून विमान तासाभरात क्वालालंपूरला सोडतं.

कागद आणि कात्री

भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसामाफी आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी ती चालू आहे ना, ते बघावं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. परदेशी पाहुण्यांना हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटनकर पडतो. तो माणशी नसल्यामुळे दोघांत एकदाच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश धाटणीचा. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. क्वालालंपूरला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे ‘पहाटे सहाला निघू’ म्हणणाऱ्यांना मिट्ट काळोख भेटतो.

बुकिंग उलट्या क्रमाने करावं. आधी बेटावरची खोली, कारण हंगामात तीच सगळ्यांत आधी भरते. मग डोंगरावरच्या रात्री, त्या आठवड्याच्या मधल्या वारांना बसतील अशा. मग ईटीएसची तिकिटं, कारण शाळांच्या सुट्ट्यांत गाड्या भरतात. शहरातल्या खोल्या सगळ्यांत शेवटी.

रजा कमी पडली तर कात्रीही त्याच न्यायाने चालवावी. पहिला वार क्वालालंपूरवर करावा. विमान तिथेच येतं आणि तिथूनच सुटतं, तेव्हा दोन्ही टोकांना एकेक संध्याकाळ आपोआप मिळतेच. मग मलाक्का, मग इपोह. डोंगर आणि समुद्र यांच्या रात्री मात्र दोनाच्या खाली आणू नयेत, कारण दोन्हीकडे एखादा दिवस ढग खाऊन टाकू शकतो. सहसा एकाला चढायचं असतं आणि दुसऱ्याला डुंबायचं असतं. शहरं गाळून हे दोन्ही राखता येतात, आणि टूर कंपनीच्या आखीव कार्यक्रमात सहसा नेमकं तेवढंच जमत नाही.